पत्ता : येझेरो

येझेरो म्हणजे तळं.
आमच्या भाषेत एवढंच, त्यात कौतुक काही नाही.
प्लिवा नदी इथे जरा टेकते, रुंद होते,
मग पुढे यायत्सेला जाऊन कड्यावरून उडी घेते.
मी रादोय्का, एकोणतीस वर्षं या गावची टपालवाली :
पेन्शनची पाकिटं, बियाण्यांच्या जाहिराती,
ऑस्ट्रियातून पोरांनी पाठवलेले पैसे.

एकदा शाळेत नोटीस चिकटवायला गेले,
तर मिर्साद मास्तरनं फळ्यावर
लाल खडूनं एक खड्डा काढलेला.
म्हणाला, हेही येझेरो. मंगळावर.
आपल्या गावाचं नाव दिलंय त्याला.
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं,
तिकडे टपाल कोण टाकतं?
सगळी पोरं माझ्याकडे वळली.
माझ्या हातात खळीचा डबा.

त्या येझेरोत पाणी होतं, म्हणे,
साडेतीन अब्ज वर्षांमागे.
पश्चिमेकडून नदी यायची, काठ फोडून आत शिरायची,
गाळ पसरायची थरावर थर,
जशी सावका शेजारीण कणकेची पारी लाटते
टेबलाखाली लोंबेपर्यंत.
मग ग्रहाच्या पोटातला लोखंडी गोळा थिजला,
सूर्याच्या वाऱ्यानं हवा ओरबाडून नेली.
तोंडचं पाणी पळालं म्हणतात ना,
तसं, पण अख्ख्या ग्रहाचं.

सगळंच नाही गेलं, मास्तर सांगतो.
कुठेतरी पाणी मुरतंय.
हे वाक्य मी जन्मभर संशयानंच ऐकलं होतं.

आमच्याकडे पाणी दगड घडवतं.
शेवाळ असतं, त्याहून बारीक काहीबाही असतं,
ते चुना धरून ठेवतं; पान पडलं तर पानाचा दगड,
फांदी पडली तर फांदीचा.
पाणचक्क्यांच्या खाली, ओकच्या खांबांपाशी,
आईची हरवलेली लाकडी पळी मला सापडली
तेव्हा आईला जाऊन बारा वर्षं झाली होती.
पळी नव्हतीच खरं तर.
लाकूड कधीच कुजून वाहून गेलेलं,
दगडात तिची पोकळी तेवढी :
दांडा, आणि टोकाला
आमटी मावेल एवढा खोलगटपणा.

तिकडे ते यंत्र हेच शोधतंय का, मी विचारलं.
मास्तर थांबला. हो, म्हणाला, बहुतेक हेच,
फक्त पळी केसाहून बारीक असेल
आणि ती पळीच होती का, यावर लोक वीस वर्षं भांडतील.

यंत्रानं दगडाच्या कांड्या कापल्यात,
बोटाएवढ्या नळ्यांत घालून सीलबंद केल्यात.
काही तर तिथेच धुळीत मांडून ठेवल्यात,
कुणी न्यायला येईल तेव्हा येईल.
झोप लागेना मला त्या रात्री.
न उचललेलं टपाल मला सहन होत नाही.

युद्धाच्या वर्षांत माझ्याकडे दोन गोण्या साठल्या होत्या.
दारं होती तिथे माणसं नव्हती,
काही ठिकाणी दारंही नव्हती.
वरून हुकूम आला, शिक्के मारून परत पाठवा.
शिक्के तीन : पत्ता अपुरा. निघून गेले. माहीत नाही.
चौथा होता, तो मी ड्रॉवरमध्ये उलटा ठेवला.
अठ्ठ्याण्णव साली हसन गवंडी स्वीडनहून परतला,
आपल्या घराच्या राखेत उभा राहून म्हणाला,
माझं काही आलंय का?
आलं होतं. सहा वर्षांचं जुनं, वीजबिलासकट.

म्हणून मंगळाविषयी कुणी विचारलं,
होतं का तिथे कुणी, राहत होतं का,
तर मी काही बोलत नाही.
काउंटरवर तो दगड ठेवलाय, कागद उडू नयेत म्हणून.
परवा सावकाचा नातू आला तिकिटं घ्यायला,
पैसे मोजता मोजता त्यानं त्या खोलगटात बोट घातलं
आणि बराच वेळ काढलंच नाही.
मागे रांग होती.
मी पुढच्याला म्हटलं, थांबा जरा.